‘होतकरू’ खेळाडूची पारख : काही भाषिक निरीक्षणे

नव्याने संघात घेतलेल्या तरुण खेळाडूविषयी जाणकार मंडळी जे मत देतात ते बहुधा एका वाक्यात संपणारे असते. ‘पोराच्या अंगात पाणी आहे.’ ‘हा पुढे मोठा खेळाडू होणार.’ ‘तयार केला तर होईल.’ ‘अजून कच्चा आहे.’ ही वाक्ये ऐकताना आपण ती सारख्याच तोलाची समजतो. वस्तुतः त्यांतील प्रत्येक वाक्य निराळे विधान करते, निराळ्या पुराव्याची अपेक्षा ठेवते, आणि खोटे ठरण्याची त्याची रीतही निराळी असते. अशा एखाद्या वाक्यावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे शिक्षण चालू राहते किंवा सुटते, घरच्या मिळकतीचा हिशेब बदलतो, प्रशिक्षकाचा वेळ कोणाच्या वाट्याला जावा हे ठरते. तेव्हा या वाक्यांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न केवळ क्रीडासमीक्षकांचा राहत नाही. सामर्थ्य, शक्यता आणि भविष्य यांविषयीची विधाने भाषा कशी घडवते हा भाषाशास्त्राचा जुना विषय आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याच अंगाने खेळाडूच्या पारखीचा विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य पनवेलजवळील सुकापूर येथे आहे. रायगड जिल्ह्यात कबड्डी हा गावोगावचा खेळ असल्यामुळे सामन्याच्या वेळी दोरीबाहेर बसलेल्या जुन्या खेळाडूंचे बोलणे सहज कानी पडते. वर दिलेली व पुढे येणारी वाक्ये अशाच बोलण्यातील आहेत. ती येथे प्रमाण मराठीत मांडली आहेत. मूळ बोलणे पुष्कळदा आगरी वळणाचे, म्हणजे ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ असे असते. या फरकाने पुढील विवेचनाला बाध येत नाही.

पूर्वी अशा मतांचे वजन गावच्या संघापुरते असे. २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली आणि खेळाडूची किंमत लिलावात उघडपणे बोलली जाऊ लागली. या स्पर्धेत ‘नवे तरुण खेळाडू’ असा एक स्वतंत्र वर्गच असून लिलावाच्या बाहेर संघ त्यांना करारबद्ध करतात. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत हीच गोष्ट ‘ड्राफ्ट’ या नावाने कित्येक दशके चालत आली आहे. तेथे ३० संघ वर्षातून एकदा दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडून घेतात. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी निवडीची संधी मिळावी असा नियम असून अगदी पहिले क्रमांक सोडतीने ठरतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला कराराची हमी असते, दुसऱ्या फेरीतल्याला ती नसते. म्हणजे तिसावा क्रमांक आणि एकतिसावा क्रमांक यांत खेळाच्या दृष्टीने केसाएवढे अंतर असले तरी पोटापाण्याच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. कबड्डी आपल्या घरची आणि ड्राफ्टचा इतिहास दीर्घकाळ नोंदलेला. म्हणून दोन्हींची उदाहरणे एकत्र घेणे सोयीचे होईल.

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहू. ‘पारख’ हा शब्द रत्नपरीक्षेतला. ‘कस’ आणि ‘कसोटी’ सोनाराच्या दगडावरून आलेले. सोने कसाला लावले म्हणजे ते किती शुद्ध आहे हे कळते, कारण शुद्धता त्या क्षणी सोन्यात असतेच. दगड ती निर्माण करीत नाही, उद्या ती वाढणारही नाही. तरुण खेळाडूविषयी बोलताना ही सर्व शब्दसंपत्ती आपण उसनी घेतो आणि तिच्याबरोबर एक गृहीतही नकळत घरात येते. ते असे की, खेळाडूची योग्यता आजच त्याच्या ठायी पूर्ण झालेली आहे आणि जाणकाराला ती फक्त पाहता आली पाहिजे. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हणही त्याच पठडीतली. (ही म्हण बाळ मोठे झाल्यावरच वापरली जाते, हे कोणी सहसा लक्षात घेत नाही. पाळण्यात ज्यांचे पाय दिसले नाहीत अशा थोरांची आणि दिसले पण पुढे चालले नाहीत अशा बाळांची म्हण कोणी केलेली नाही.)

या संग्रहातला सर्वांत मनोरंजक शब्द ‘पाणी’ हा होय. एखाद्याचे पाणी जोखणे, पाणी दाखवणे, पाणीदार असणे, हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु मराठीत पाणी दोन वस्तूंना असते. मोत्याला असते आणि तलवारीच्या पात्यालाही असते. मोत्याचे पाणी उपजत असते. ते बाहेरून चढवता येत नाही. पात्याचे पाणी मात्र लोहाराने दिलेले असते. पोलाद तापवून विझवताना त्याला पाणी दिले जाते, आणि त्याच पोलादाला वाईट हाताने पाणी दिले तर पाते ठिसूळ होते. ‘पोराच्या अंगात पाणी आहे’ असे कोणी म्हणतो तेव्हा यांतले कोणते पाणी त्याच्या मनात आहे, हे वाक्यावरून कळत नाही. मोत्याचे असेल तर संघाने तो विकत घ्यावा आणि सांभाळावा, एवढेच काम उरते. पात्याचे असेल तर खरे काम करारावर सही झाल्यानंतर सुरू होते, आणि मत देणाऱ्याने मुलाबरोबर त्याच्या भावी लोहाराचेही नाव सांगितले पाहिजे.

‘होतकरू’ हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे असे वाटते. त्याच्या घडणीत ‘होणे’ आणि ‘करणे’ ही दोन्ही क्रियापदे डोळ्यांना दिसतात. पैकी पहिल्याला कर्त्याच्या प्रयत्नाची गरज नाही, दुसऱ्याला आहे. दुर्दैवाने वापरून वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की आज तो बक्षीस-समारंभाच्या भाषणांखेरीज फारसा कोठे अर्थाने वापरला जात नाही.

आता, निष्णात पारखी लोकांच्या हातून काय घडते ते पाहू. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंड संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतले. ही गोष्ट सर्वत्र मूर्खपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हा गुणी खेळाडू १९८३ पासून होता आणि त्यांना उंच मध्यखेळाडू हवा होता. ‘आम्हांला कोण हवा आहे’ आणि ‘कोण मोठा होईल’ या दोन प्रश्नांना त्यांनी एकच उत्तर दिले, ही खरी चूक. २०१३ साली पहिल्या क्रमांकाने निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत त्या स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच वर्षी ग्रीसच्या दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत खेळणारा अठरा वर्षांचा यानिस आंतेतोकुंपो पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला. तो पुढे दोनदा त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ साली एक्केचाळिसावा होता आणि २०२१, २०२२ व २०२४ अशा तीन वर्षी तो सर्वोत्तम ठरला. पारख करणारे हे लोक अडाणी नव्हते. पगारी निरीक्षक, चित्रफिती, मोजमापे, सर्व काही त्यांच्याजवळ होते. उणीव राहिली ती पुराव्यापासून विधानापर्यंत जाण्याच्या वाटेत.

आपल्या देशातील एक उदाहरण या ठिकाणी थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. पंजाबातील बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेला सतनाम सिंग हा २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू. भारतात जन्मून एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिलाच. उंची सात फूट दोन इंच, वय एकोणीस. लुधियानाच्या अकादमीतून तो २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लॉरिडातील एका क्रीडाशाळेत गेला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. निवडीच्या दिवसांत आपल्याकडे व तिकडेही जे लिहिले गेले त्यात ‘भारताचा याओ मिंग’ ही उपमा वारंवार आली. पुढे तो डॅलसच्या दुय्यम संघाकडून टेक्सासमध्ये खेळला, उन्हाळी स्पर्धांत उतरला, परंतु एन.बी.ए.च्या मुख्य हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्यानंतर कॅनडातील स्पर्धा, उत्तेजक द्रव्याच्या चाचणीवरून झालेली बंदी, आणि शेवटी अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा मंच असा त्याचा मार्ग गेला.

ही हकीकत ऐकून ‘त्याच्यात पाणी नव्हते’ असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्या काळात त्याची निवड झाली त्याच काळात तो खेळ झपाट्याने पालटत होता. उंच, वजनदार खेळाडूने टोपलीजवळ उभे राहावे ही रीत मागे पडून दुरून फेक करणारे, सारखी जागा बदलणारे, चपळ संघ पुढे आले. त्याच २०१५ च्या जूनमध्ये विजेता ठरलेला गोल्डन स्टेट संघ निर्णायक सामन्यांत तुलनेने ठेंगण्या खेळाडूंची जोडणी करून जिंकला होता. म्हणजे सतनामविषयी केलेल्या भाकितात एक अट गाळलेली होती : ‘खेळ आहे तसाच राहिला तर.’ शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. सांघिक खेळात बचावाची सारी रचना ओरडून सांगितली जाते. चौदाव्या वर्षी नव्या भाषेत ती ऐकून, कळून, अर्ध्या क्षणात पाऊल टाकायचे ही गोष्ट फूटपट्टीने मोजता येत नाही, म्हणून ती अहवालातही येत नाही.

कबड्डीच्या बाबतीत ही अट आपल्या दाराशी उभी आहे. गावच्या मैदानात खेळ मातीवर होतो आणि व्यावसायिक स्पर्धा मॅटवर. मातीत अनवाणी पायाने घेतलेली पकड आणि मॅटवर बूट घालून घेतलेली पकड यांत पायाची रोवण निराळी, वळण्याचा वेग निराळा. तीस सेकंदांची चढाई आणि दोन निष्फळ चढायांनंतरची निर्णायक तिसरी चढाई यांनीही खेळाचा तोल बदलला आहे. वेळ काढून खेळणाऱ्या सावध चढाईपटूची किंमत उतरली आहे. दोरीबाहेर बसलेला जाणकार ज्या खेळातला जाणकार आहे तो खेळ आणि मुलाला पुढे खेळावयाचा खेळ हे एकच नव्हेत.

‘भारताचा याओ मिंग’ या प्रयोगाकडे पुन्हा वळले पाहिजे. ‘दुसरा अमुक’ अशी उपमा देणे ही पारखी लोकांची सार्वत्रिक सवय आहे. उपमेत साधारण धर्म कोणता हे सांगावे लागते, असे साहित्यशास्त्र शिकवते. येथे साधारण धर्म उंची आणि आशिया खंड एवढाच होता. पण उपमान बोलले गेले की त्याचे उरलेले सर्व गुण उपमेयाला आपोआप चिकटतात. मुलींच्या खेळाविषयी ‘मुलांसारखी खेळते’ असे कौतुकाने म्हटले जाते, त्यातही हाच प्रकार घडतो. ती कशी खेळते हे शेवटपर्यंत कळत नाही.

या सवयीवर एका संघाने केलेला उपाय भाषाभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. मायकेल लुईस या अमेरिकन लेखकाने २०१६ च्या आपल्या पुस्तकात ह्यूस्टन संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांची हकीकत दिली आहे. या संघाने खेळाडूंची आकडेवारी मांडून त्यावरून निवड करण्याची पद्धत बसवली होती. २००७ साली स्पेनचा मार्क गसोल हा त्या आकडेवारीला पसंत पडला होता. पण त्याचे उघड्या अंगाचे एक छायाचित्र निरीक्षकांच्या हाती आले, त्याच्या थुलथुलीत छातीवरून कोणी एक टोपणनाव ठेवले, ते सर्वांच्या तोंडी बसले, आणि आकडे बाजूला पडून गसोल सुटला. तो अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर दुसऱ्यांनी घेतला, २०१३ साली स्पर्धेतील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०१९ साली विजेत्या संघात होता. त्यानंतर मोरी यांनी चर्चेत टोपणनावे वापरण्यास बंदी केली. पुढे त्यांनी आणखी एक नियम केला : कोणत्याही खेळाडूची तुलना करावयाची असल्यास ती निराळ्या वंशाच्या खेळाडूशीच करावी. परिणाम असा झाला की निरीक्षकांना तुलना सुचेनाशाच झाल्या. ज्या साम्याला आपण खेळातले साम्य समजत होतो ते पुष्कळसे चेहऱ्यातले साम्य होते, हे त्यामुळे उघड झाले. त्याच संघाच्या हिशेबात २०१० साली जेरेमी लिन हा पंधराव्या क्रमांकाच्या आसपास बसत होता. पण हार्वर्डमध्ये शिकणारा, चिनी वंशाचा, अंगाने बेताचा मुलगा पाहून त्यांनी त्याला घेतले नाही, इतर कोणीही घेतले नाही. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या संघाकडून तो काय खेळला हे सर्वांनी पाहिले.

शब्द निर्णय बिघडवतो याचे एवढे स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. आपल्याकडे तर टोपणनावाशिवाय कबड्डीपटूच नाही. ‘बाहुबली’ म्हणून ओळखला जाणारा सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातला. २०१८ साली यू मुंबा संघाकडून तो प्रो कबड्डीत प्रथम खेळला आणि त्या एकाच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले; पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्याचे नाव त्याच्या आडव्या अंगाला शोभते खरे. पण एखाद्याने त्याच्या चढाया पुन्हा पाहाव्या. पकडीतून निसटताना तो बळ केव्हा लावतो, या ‘केव्हा’मध्ये त्याचे पुष्कळसे यश आहे. नावाने मात्र बळच तेवढे लक्षात ठेवले. आणखी एक गोष्ट : पहिल्या हंगामाच्या वेळी तो पंचविशी ओलांडलेला होता. ‘होतकरू’ म्हणजे विशीच्या आतला, ही समजूत त्याच्या बाबतीत लागू पडली नाही. खांद्याच्या दुखापतीने पुढे त्याचा खेळ खंडित झाला, याचा अंदाज कोणत्याही पारख्याला आधी करता आला नसता.

येथवर जे सांगितले ते शब्दांविषयी झाले. क्रियापदांकडे वळले तर मराठी आपल्याला एक उपयुक्त साधन देते असे आढळते. कौशल्याविषयी बोलताना आपण खेळाडूला कर्ता न करता चतुर्थीत ठेवतो : त्याला घोट्याची पकड *येते*, त्याला ती *जमते*, त्याला ती *सुचते*. तिन्ही वाक्यांची बांधणी एक, पण अर्थ पायरीपायरीने वेगळा. ‘येते’ म्हणजे शिकलेली आहे. सरावात सांगितले की करून दाखवील. ‘जमते’ म्हणजे शरीर, वेग आणि प्रसंग यांचा मेळ बसून ती सामन्यात पार पडते. ‘सुचते’ म्हणजे समोरच्या चढाईपटूचा पाय निदान रेषेजवळ कोणत्या क्षणी रेंगाळणार हे त्याला इतरांच्या आधी दिसते. ‘येणे’ हे शिक्षकावर पुष्कळसे अवलंबून असते. ‘जमणे’ हे समोर कोण आहे यावर अवलंबून असते. तालुक्याच्या सामन्यात जमणारी पकड राष्ट्रीय स्पर्धेत जमेलच असे नाही, कारण तेथे चढाईपटूचे वजन आणि वेग दोन्ही वाढलेले असतात. ‘सुचणे’ मात्र वरच्या पातळीवर गेल्यावरही खेळाडूबरोबर जाते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पारख करणाऱ्यांचे डोळे बहुधा ‘जमते’वर खिळलेले असतात, कारण गुण त्यानेच मिळतात आणि मोजता येते तेही तेच. ड्राफ्टपूर्वी शिकागोत खेळाडूंची मोजमापे घेण्याचा जो प्रघात आहे त्यात उंची, बाहूंचा पल्ला, उडी आणि धाव यांची नोंद होते. २००७ साली केव्हिन ड्युरांट याला १८५ पौंडांचे वजन एकदाही छातीवरून उचलता आले नाही याची मोठी चर्चा झाली. तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१४ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. योकिचचे उदाहरण अधिक बोलके आहे. उडी बेताची, धाव संथ, अंग सैल. ‘जमते’च्या तक्त्यात त्याचा क्रमांक खाली लागावा यात नवल नव्हते. त्याचा खेळ मुख्यतः ‘सुचते’ या क्रियापदात आहे. कोणता सहकारी पुढच्या क्षणी मोकळा होणार हे ओळखून तो चेंडू आधीच तिकडे सोडतो. एकोणिसाव्या वर्षीही हे त्याच्यात दिसत होते, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

‘सुचते’ ओळखावे कसे? याला यांत्रिक उत्तर नाही. तथापि एक खूण सांगता येईल. फसलेल्या कृतींकडे पाहावे. ज्याला फक्त जमते त्याची फसलेली चढाई चुकीच्या क्षणी केलेली असते. ज्याला सुचते पण अद्याप जमत नाही त्याची चढाई योग्य क्षणी, योग्य गड्यावर केलेली असते. हात चार बोटे अपुरा पडतो. गुणफलकावर दोन्ही सारख्याच, शून्य. पण दुसऱ्या मुलाचा हात दोन वर्षांत वाढेल, पहिल्याचा क्षण वाढणार नाही. गावच्या मैदानावर ‘नशीब नाही पोराचं’ असा जो शेरा कानी येतो तो पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारच्या मुलाला उद्देशून असतो. निवडीच्या यादीत त्याचे नाव नसते.

वयाचा मुद्दाही येथेच येतो. कनिष्ठ गटांतील स्पर्धा वयोमर्यादेच्या तारखेवर चालतात. त्या तारखेनंतर लगेच जन्मलेला मुलगा आपल्या गटात जवळजवळ एक वर्षाने वडील असतो. चौदाव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे खांद्याचा आणि मांडीचा फरक. कॅनडातील हिमहॉकीच्या खेळाडूंचा १९८० च्या दशकात अभ्यास झाला तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या निवडलेल्या संघांत स्पष्टपणे अधिक आढळली. ज्याचे वय आधी भरले त्याला आपण गुणी म्हणालो, गुणी म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक मिळाला, आणि प्रशिक्षक मिळाल्यामुळे तो खरोखरच गुणी झाला. भाकीत खरे ठरले. पण ते मुलाविषयी नव्हते, निवड समितीविषयी होते.

काळ आणि अर्थ यांच्या रूपांकडे आता थोडे पाहू. ‘हा मोठा खेळाडू होणार’ आणि ‘हा मोठा खेळाडू होईल’ ही वाक्ये एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण ‘-णार’मध्ये ठाम बांधिलकी आहे, गाडी येणार म्हणजे येणारच. ‘होईल’मध्ये अटकळ आहे आणि तिच्यापुढे ‘जर’ सहज जोडला जातो. ‘होऊ शकेल’ आणखी मागे सरते. त्यात कशाचेच आश्वासन नाही. समंजस पारखी ‘होईल’ म्हणतो आणि अट सांगतो. लिलावात मात्र अट बोलण्याची सोय नाही. रक्कम हे ‘-णार’ रूपातले विधान आहे. ती उच्चारताना कोणी ‘पण’ म्हणत नाही. म्हणून एखाद्या मुलाची बोली मोठी लागली की त्याच्याभोवतीचे सर्वजण एका रात्रीत ‘होईल’वरून ‘होणार’वर येतात, आणि पहिल्या तीन सामन्यांत गुण आले नाहीत तर ‘फुकट गेला’ हा भूतकाळ वापरू लागतात. मधली सर्व रूपे गळून पडतात.

भाकीत चुकल्यावर जे रूप वापरले जाते ते ‘झाला असता’. ‘गुडघा गेला नसता तर झाला असता.’ ‘मुंबईत असता तर झाला असता.’ या संकेतार्थाला खोटे ठरवण्याचा मार्ग नाही, आणि म्हणूनच तो पारख्यांचा फार आवडता आहे. त्याच्या आश्रयाने मूळ मत कधीच चुकत नाही. १९५४ साली पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तज्ज्ञांची अंदाजाने दिलेली मते आणि साध्या आकडेवारीने काढलेली अनुमाने यांची तुलना करून दाखवली, तेव्हा आकडेवारी बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या बरोबरीला किंवा पुढे आली. त्याचे एक साधे कारण असे की आकड्याला ‘झाला असता’ म्हणता येत नाही. चुकला तर चुकला अशी त्याची नोंद राहते, आणि पुढच्या वेळी दुरुस्तीला वाव राहतो. तज्ज्ञाची मते मात्र हवेत बोललेली असतात.

अस्लम इनामदार याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हा तरुण पुणेरी पलटण संघाने आठव्या हंगामासाठी, म्हणजे २०२१ च्या सुमारास, नवा तरुण खेळाडू म्हणून घेतला. तेव्हा त्याच्यासाठी कोणी मोठी बोली बोललेली नव्हती. दोन हंगाम तो त्याच संघात, आपल्यासारख्याच तरुण सोबत्यांबरोबर खेळत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले तेव्हा तो कर्णधार होता. त्याच्या अंगी गुण होते हे उघडच आहे. परंतु तेवढ्याच गुणांचा मुलगा दरवर्षी संघ बदलणाऱ्या, दर सामन्याला निकाल मागणाऱ्या हातात पडला असता तर? हा प्रश्न संकेतार्थी असल्यामुळे त्याला उत्तर नाही, हे वर सांगितलेच आहे. एवढे मात्र म्हणता येते की त्याच्या बाबतीत ‘तयार केला तर होईल’ या वाक्यातला ‘तर’च्या आधीचा भाग संघाने पाळला.

व्यवहारात यातून काय करावे, असे एखाद्या निवड समितीच्या सभासदाने विचारले तर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला फार काही सांगता येणार नाही. पण मत लिहून ठेवावे, एवढा आग्रह धरता येईल. लिहिताना नाम कमी वापरावे आणि क्रियापद अधिक. ‘दम’, ‘पाणी’, ‘जिगर’, ‘गुणवत्ता’ ही नामे प्रसंगापासून तुटलेली असतात. त्याउलट ‘तिसऱ्या चढाईत उजव्या कोपऱ्यातील बलवान गड्याला टाळून मध्यरक्षकाकडे वळला’ या वाक्यात कोण, केव्हा, कोणासमोर हे सर्व येते आणि दुसरा माणूस ते तपासू शकतो. भविष्याचे विधान करावयाचे तर अट आणि मुदत सोबत असावी : अमुक वजन भरले, मॅटवर वर्षभर सराव मिळाला, तर दोन हंगामांनंतर राज्याच्या संघात टिकेल. असे वाक्य भाषणात शोभत नाही, पण ते चुकू शकते, हा त्याचा मोठा गुण आहे. दोन वर्षांनी कागद काढून पाहिला की मुलगा कोठे आला हे कळतेच, शिवाय मत देणाऱ्याचीही पारख होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. अशा नोकरीची तयारी सोडून मुलाने कराराच्या मागे जावे की जाऊ नये, हे त्याच्या आईवडिलांना ठरवायचे असते. त्यांच्या हाती ‘पाणी आहे’ या शब्दांपेक्षा असा एखादा कागद पडला तर ठरवणे थोडे सोपे जाईल.

शेवटी ‘अजून’ या लहानशा अव्ययाविषयी. ‘अजून कच्चा आहे’ हे दोष दाखवणारे वाक्य असूनही मैदानावर ते आपुलकीने बोलले जाते, कारण ‘अजून’मध्ये पिकण्याचे गृहीत आहे, जे पिकणारच नाही त्याला कोणी ‘अजून कच्चे’ म्हणत नाही. ‘पोरगा अजून शिकतो आहे’ हे अठराव्या वर्षी कौतुक असते. त्याला एक ‘ही’ जोडला की, ‘अजूनही शिकतो आहे’, तेच वाक्य तक्रार होते. प्रस्तुत लेखकाने टिपलेल्या बोलण्यात एकाच खेळाडूविषयी एकाच माणसाच्या तोंडी ही दोन्ही रूपे सापडतात, मध्ये एका पावसाळ्याचे अंतर आहे. त्या पावसाळ्यात मुलाच्या खेळात काय बदल झाला याची नोंद कोणाजवळही नव्हती.